माया किती सोडलीत?

माझे साडू शिंपी आहेत. रस्त्यावर सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि पाठ फिरली की पावइंच. पाव इंच इकडेतिकडे झालं म्हणून तयार पॅन्ट उसवून पुन्हा शिवणारा माणूस, मग गिऱ्हाईक समोर उभं राहून "राहू द्या हो, चालतंय" म्हणत का असेना. मी स्वतः त्यांच्या दुकानात कमरेला टॉवेल गुंडाळून दोनदा तासभर बसलेलो आहे, तेव्हा या नावाला माझी साक्ष आहे.

मी विजेचे मीटर वाचायचो. तेहतीस वर्षं तेच केलं. दिसेल तो आकडा लिहायचा आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची. घरात कोण रडतंय, कोण भांडतंय, याच्याशी मीटरवाल्याला देणंघेणं नसतं. मास्तरांचं दुखणं मी तसंच बघितलं, असं मी लोकांना सांगतो. माझी बायको म्हणते, थापा मारताय.

दुकान लहान आहे. मधोमध कापायचं टेबल, इतकं मोठं की आधी ते ठेवलं आणि मग भोवती भिंती बांधल्या असं वाटावं. दोन मशीन, पडद्याआड एक आरसा, आणि मागच्या खिडकीपाशी ताई. ताई म्हणजे मास्तरांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. काजं, बटणं, तुरपाई तिच्याकडे. कामाची वाटणी पहिल्यापासून अशी की मास्तरांनी खडूने खूण करायची आणि ताईने त्या खुणेवर सुई चालवायची. का, कशासाठी, हे तिने चाळीस वर्षांत विचारलं नाही. विचारायची वेळही आली नव्हती, कारण खूण कधी चुकली नव्हती.

मास्तरांच्या कामातल्या दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पहिली गोष्ट पोटाची. कमरेला टेप लागला की माणूस पोट आत ओढतो. वकील असो, हमाल असो, मी असो. मास्तर टेप तसाच धरून थांबतात आणि म्हणतात, "पोट सोडा. मी फोटो काढत नाहीये." चोरलेल्या पोटावर बेतलेली पॅन्ट जेवायला बसलं की खरं बोलते, असंही वर ऐकवतात.

दुसरी गोष्ट मायेची. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. उद्या माणूस सुटला तर शिवण उसवायची, माया बाहेर घ्यायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. दुकानातल्या आयत्या कपड्यांत माया नावालाच असते. मास्तर दोन्हीकडे भरपूर ठेवतात. माझ्या लग्नातली पॅन्ट मी पंचवीस वर्षं घातली ती त्या मायेवर. माझ्या पोटाने तोवर काय काय केलं ते सांगायची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांची स्वतःची पॅन्ट सैल झाली. त्यांनी स्वतःच्या कमरेला टेप लावला. अडतीसची छत्तीस झाली होती. दुसरा कुणी डॉक्टरकडे गेला असता. मास्तरांनी पॅन्ट मशीनवर घेतली, जुन्या शिवणीच्या आतून नवी शिवण मारली आणि मूग गिळून बसले. दीड महिन्याने पुन्हा आत घेतली. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा ताईने माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला, आणि मी त्यांना जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं.

तरुणपणी त्यांना कावीळ झाली होती. ती गेली असं सगळे समजत होते. ती लिव्हरमध्ये मुक्काम ठोकून होती. लिव्हर आतून कडक होत गेलं होतं आणि त्यावर आता कॅन्सरची सहा सेंटिमीटरची गाठ होती. शिवाय गाठीची एक जीभ लिव्हरच्या मोठ्या शिरेत शिरली होती. हे सांगणारी डॉक्टर पन्नाशीची बाई होती, सावकाश बोलायची. एका पाठकोऱ्या रिपोर्टच्या मागे तिने चित्र काढून दाखवलं. शिरेत जीभ गेल्यामुळे ऑपरेशन नाही, लिव्हर बदलणंही नाही.

"मग राहिलं काय?" मास्तरांनी विचारलं.

"दोन गोष्टी, एकत्र," डॉक्टर म्हणाली. "एक इम्युनोथेरपी. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. आपल्या शरीरातल्या पेशीच गाठीशी लढू शकतात, पण गाठीने त्यांना ब्रेक लावून ठेवलेला असतो. हे औषध तो ब्रेक काढतं. दुसरं रेडिएशन. नेम धरून गाठीवर पाच वेळा किरणं सोडायची. किरणांनी गाठ मोडते आणि मोडलेले तुकडे त्या पेशींना कदाचित जास्त चांगले ओळखू येतात. एकेकट्यापेक्षा दोन्ही मिळून जास्त काम होईल अशी आशा आहे. सगळ्यांना लागू पडत नाही. तुम्हाला पडेल अशी खात्री मी देणार नाही."

मास्तरांनी तो कागद स्वतःकडे फिरवून घेतला. "म्हणजे तुम्ही उसवणार आणि धागे वेचायचं काम अंगातल्या माणसांनी करायचं."

"जवळपास तसंच," ती म्हणाली. ती हसली नाही, हे मला आवडलं. मग तिने गाठीभोवती पेनाने एक गोल काढला. "अडचण अशी आहे की तुमच्या लिव्हरचा चांगला भाग मुळातच थोडा उरलाय. त्याच्यावर किरणं सांडली तर तो बंद पडेल."

"कापड कमी आहे," मास्तर म्हणाले.

पहिलं सलाइन पार पडलं. तीन-चार तास लागले. मास्तर खुर्चीत पडल्यापडल्या शेजारच्या खुर्चीच्या खोळीची शिवण न्याहाळत होते आणि ती कुणी घातली असेल त्याचा उद्धार करत होते. नंतर आठवडाभर अंगाला खाज सुटली. त्याचं त्यांनी काही मानलं नाही.

रेडिएशनच्या आधी माप घ्यायचा एक दिवस असतो. त्याला ते लोक प्लॅनिंग म्हणतात, पण आहे ते मापच. ते घेणारी मशीनवरची मुलगी तिशीची असेल. तिने मास्तरांना बघितल्याबरोबर ओळखलं. "मास्तर, नोकरी लागली तेव्हा हा कोट तुम्हीच शिवलात. बाळंतपणानंतर तुमच्याकडेच सैल करून घेतला. माया होती म्हणून जमलं." मास्तरांची छाती दोन इंच फुगली. मग तिने त्यांना शर्ट काढून टेबलावर झोपायला सांगितलं.

त्यांच्या पाठीखाली बारीक मण्यांची एक पिशवी होती. तिच्यातली हवा ओढली की ती कडक होते आणि माणसाच्या पाठीचा साचा तयार होतो. दर वेळी त्याच साच्यात झोपायचं. श्वासाबरोबर लिव्हर वरखाली होतं, म्हणून एक ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, श्वास घ्या, सोडा, थांबा. श्वास सोडून थांबलेलं असताना स्कॅन काढतात आणि पुढे किरणंही तशीच सोडतात. स्कॅन झाल्यावर मुलीने मार्करने तीन फुल्या काढल्या, एक पोटाच्या मध्यावर, दोन कुशींवर, आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवली. या पुसायच्या नाहीत, म्हणाली. आठ दिवसांनी किरणांची पहिली बैठक होती.

परत येताना मास्तर पोटावर हात ठेवून बसले होते. मला वाटलं थकले असतील. पुढच्या आठवडाभरात काय झालं ते मला नंतर कळलं, पण सांगायचं ते इथंच सांगतो. मास्तर पडद्याआडच्या आरशासमोर शर्ट वर करून उभे राहायचे, पोट आत ओढायचे, सोडायचे, आणि टेप लावायचे. सातव्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कापायच्या टेबलावर स्वतः झोपले. ज्या टेबलावर त्यांनी हजारो पॅन्टा बेतल्या त्यावर ते आडवे आणि ताई वर उभी.

"मधली फुली पाव इंच वर घे," ते म्हणाले. "पट्टी सोडव, जुनी पूस, नवी काढ."

ताईने टेप लावला, खूण केली, फुली काढली, पट्टी पुन्हा चिकटवली. का, ते विचारलं नाही.

पहिल्या बैठकीला आम्ही तिघं गेलो. मास्तर आत गेले, जाडजूड दार बंद झालं, आणि मी आणि ताई बाकावर बसलो. ताईच्या मांडीवर पर्स होती. माझ्यासमोर भिंतीवर एक घड्याळ होतं आणि मी सवयीने ते वाचत होतो. वीस मिनिटं म्हणाले होते, पस्तीस झाली. दार उघडून ती मुलगी बाहेर आली.

"फुल्या परत कुणी काढल्यात का?" तिने विचारलं. "आज काढलेलं चित्र त्या दिवशीच्या चित्राशी जुळत नाहीये."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ताईने पर्स उघडली आणि आतून काळा मार्कर काढून तिच्या हातात दिला.

"मी सरकवली," ताई म्हणाली. "मधली. पाव इंच वर. त्यांनी सांगितलं म्हणून." मग म्हणाली, "काही बिघडलं का गं?"

खरं सांगतो, मला त्या वेळी भीती वाटली. राग यायला हवा होता, पण आधी भीती आली. ताईचा हात मार्कर धरल्यासारखाच पुढे राहिला होता.

मुलगी आत गेली. आतलं मी बघितलं नाही, पण तिची आणि मास्तरांची हकिकत शब्दाशब्दाला जुळते. ती टेबलाजवळ जाऊन म्हणाली, "मास्तर, ताईंनी सांगितलं. फुली सरकली असली तरी मी चित्र बघून टेबल सरकवू शकते, त्याचं एवढं नाही. पण नुसतं सरकवून जुळत नाहीये. तुमच्या पोटाचा, लिव्हरचा आकारच वेगळा दिसतोय. डॉक्टरांना बोलावलंय, करायचं की थांबायचं ते त्या ठरवतील."

मास्तर साच्यात पडून छताकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "माया किती सोडलीत?"

"काय?"

"गाठीभोवती. तुम्ही किरणं अगदी गाठीच्या कडेला लागून कापत नसाल. थोडं जादा धरत असाल ना, चुकीला म्हणून?"

मुलगी त्यांच्याकडून कोट सैल करून घेतलेली, तिला लगेच कळलं. "पाच मिलिमीटर. त्याहून जास्त धरली तर चांगलं लिव्हर जातं."

शिंप्याच्या टेपला दोन बाजू असतात, एकीकडे इंच, दुसरीकडे सेंटिमीटर. चाळीस वर्षं दोन्ही बाजू हातात असलेल्या माणसाला हिशेब करायला वेळ लागत नाही. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर आणि वर थोडं. माया पाच. म्हणजे ज्या पाव इंचासाठी त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांचा जीव खाल्ला, तो इथे मायेच्याही बाहेर जात होता.

"डॉक्टरांना काही ठरवायला लावू नका," मास्तर म्हणाले. "मापच खोटं आहे. त्या दिवशी मी पोट आत घेतलं होतं."

दार उघडून त्यांना बाहेर आणलं तेव्हा डॉक्टर येऊन उभी होती. मास्तरांनी सगळं तिच्यासमोर पुन्हा सांगितलं, ताईसमोर आणि माझ्यासमोरही. ही ओळखीची मुलगी, शर्ट काढलेला, पोट सुटलेलं, आणि आपण तर लोकांना नावं ठेवत आलेलो. आवाजाने थांबा म्हटलं तेव्हा श्वासाबरोबर पोटही आत धरून ठेवलं. घरी आल्यावर कळलं की सैल पोटावर मधली फुली खाली उतरते. माप चुकलंय तर खूण सरकवावी, कापड तेच आहे, असं वाटलं.

"अहो, फुली सरकवून आतलं लिव्हर कसं सरकेल?" डॉक्टर म्हणाली. "फुली वरच्या कातडीवर. गाठ आत, तिच्या जागी."

"ते आता कळलं," मास्तर म्हणाले. "कापडाला आत काही नसतं."

"आणि सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली."

डॉक्टरने पुढचं सांगितलं. पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी, म्हणजे आणखी आठ-नऊ दिवस. तोवर दुसरं सलाइन ठरल्या तारखेला होईल, पण किरणं थांबणार. शिरेतली जीभ मात्र थांबणार नव्हती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

ताई बाकावरून उठलीच नव्हती. ती मास्तरांना म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्या खुणेवर डोळे झाकून सुई चालवली. आणि तुम्ही माझ्या हाताने स्वतःवर खोटी खूण करून घेतलीत. मला काय वाटलं असतं पुढं? हे हात मी कुठं नेऊन ठेवले असते?"

 आम्ही गाडीत बसलो. मी समोर रस्त्याकडे बघून गाडी चालवत होतो आणि मागच्या सीटवर ताई हमसून हमसून रडत होती. थापा मारत नाही, माझेही डोळे भरले होते.

दोन दिवसांनी दुसऱ्यांदा माप झालं. या वेळी मास्तर टेबलावर झोपल्यावर मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "मास्तर, पोट सोडा."

"फोटो काढत नाहीस ना?" मास्तर म्हणाले.

"फोटोच काढतेय. म्हणूनच सोडा."

त्यांनी सोडलं. मुलीचं म्हणणं, इतकं सोडलं की तिला हसू आवरेना आणि स्कॅन दोन मिनिटं थांबवावा लागला. फुल्या नव्याने निघाल्या. त्या रात्रंदिवस ताईच्या पहाऱ्यात होत्या. आंघोळ तिच्या देखरेखीखाली, खाजवायला बंदी, आणि दुकानातले सगळे मार्कर तिने आमच्या घरी आणून ठेवले. माझ्याकडे अजून सात मार्कर पडून आहेत.

पाच बैठका दहा दिवसांत झाल्या. अंग गळून जायचं, भूक मरायची, एक दिवस उलट्या झाल्या. मास्तर तिसऱ्यांदा पॅन्ट आत घेऊन बसले. कंबर तेहतीसवर आली होती. मी त्या दिवशी दुकानात होतो. आतल्या बाजूला कापडाची एवढी जाड घडी झाली होती की पॅन्ट घातल्यावर कमरेला उशी बांधल्यासारखं दिसायचं. मी म्हटलं, "मास्तर, तेवढं जादा कापड कापून का टाकत नाही? टोचत असेल."

"टोचतंय," ते म्हणाले आणि मशीन चालवत राहिले.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. डॉक्टरने पुन्हा पाठकोरा कागद घेतला, पण या वेळी आधी तोंडी सांगितलं. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. शिरेतली जीभ आक्रसली होती आणि तिच्यातून रक्त वाहताना दिसत नव्हतं. "किरणांनी किती केलं आणि औषधाने किती, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही," ती म्हणाली. "आजार गेला असं मी म्हणत नाही. सलाइन चालू ठेवायचं, स्कॅन करत राहायचं." माझा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी ताईकडे बघितलं. ताईने डॉक्टरला विचारलं, "यांनी आणखी काही लपवलेलं दिसतंय का त्याच्यात?" नाही म्हणाल्यावर मगच तिने पदराने डोळे पुसले.

आता सव्वा वर्ष झालं. सलाइन चालू आहे. मध्ये थायरॉइड बिघडलं, त्याची एक गोळी वाढली. गाठ आहे, लहान आहे, वाढलेली नाही. मास्तर अर्धा दिवस दुकानात बसतात. गिऱ्हाईक पोट आत ओढतं तेव्हा फोटोचं वाक्य म्हणत नाहीत. टेप धरून नुसते थांबतात, माणूस आपण होऊन सोडेपर्यंत. खूण करून कपडा मागे दिला की ताई विचारते, "हे इथंच का?" आणि ते कारण सांगतात. कामाला दुप्पट वेळ लागतो.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ताईच्या हातात मास्तरांची तीच पॅन्ट होती, उलटी केलेली. मूळ शिवणीच्या आत एकेक करून मारलेल्या तीन शिवणी. सगळ्यात आतली तिने पावसाळ्यातच उसवली होती. आता मास्तरांना कंबर घट्ट होऊ लागली होती, म्हणून ती दुसरी उसवत होती, एकेक टाका, धागा न तोडता. माया सगळीच्या सगळी आत होती, एक सूतही कापलेलं नव्हतं.

"भाऊजी, हे बघा," ताई मला म्हणाली आणि बोटाने दाखवलं. "एकच राहिली."